कुठला गॅस?

आपल्या घरात एका दिवसात ‘गॅस’ हा शब्द किती वेळा उच्चारला जातो, ते एकदा मोजून पाहा. “गॅस बारीक कर.” “गॅस संपत आलाय, नंबर लावायला हवा.” “झोपायच्या आधी गॅस पुसून घे.” “रात्री राजमा खाल्ला ना, गॅसेस झालेत.” “सोड्यातला गॅसच गेलाय, आता काय मजा.” आणि मुलाचा निकाल लागायचा असेल तर, “आम्ही सगळे सकाळपासून गॅसवर आहोत!”

यातला गॅस पुसून घेण्याचा प्रकार मला सर्वात आवडतो. जी वस्तू दिसत नाही, हाती लागत नाही, तिला आपण ओल्या फडक्याने लख्ख पुसतो. शेगडी, सिलिंडर, आतला इंधनवायू आणि त्याची ज्योत, या चारही गोष्टींना मराठी माणूस एकच शब्द वापरतो आणि ऐकणाऱ्याचा कधी घोटाळाही होत नाही. आणखी एक गंमत पाहा. गॅस नेहमी एकवचनी, पण पोटात शिरला की तो थेट इंग्रजी अनेकवचन घेतो: ‘गॅसेस’. सिलिंडर दोन असले तरी कुणी “दोन गॅसेस आणले” म्हणत नाही. हे असं का, याचं उत्तर व्याकरणकारांनी शोधावं. मला रस आहे तो या शब्दाच्या जन्मकथेत आणि नंतर त्याने केलेल्या उचापतींमध्ये.

विज्ञानातले बहुतेक शब्द लॅटिन-ग्रीकचे तुकडे जोडून बनलेले असतात आणि ते नेमके कुणी बनवले याचा पत्ता पुष्कळदा लागत नाही. गॅसचं तसं नाही. हा शब्द एका माणसाने बनवला आणि बनवताना तसं सांगून ठेवलं. त्याचं नाव यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्मॉन्ट, ब्रसेल्सचा. शिक्षणाने वैद्य, पैशाने सुखवस्तू आणि स्वभावाने हट्टी. हा काळ मोठा मजेदार होता. किमया आणि रसायनशास्त्र यांच्यात भिंत उभी राहिलेली नव्हती. त्यामुळे हा गृहस्थ एकीकडे परीस पाहिल्याचं सांगतो आणि दुसरीकडे तराजू घेऊन इतकं काटेकोर वजन करतो की आजच्या विद्यार्थ्याने पाठ घ्यावा.

त्याने ६२ पौंड लोणारी कोळसा जाळला. मागे राहिली फक्त १ पौंड राख. मग उरलेले ६१ पौंड गेले कुठे? आपण म्हणू, धूर झाला, हवेत गेला. हेल्मॉन्ट तेवढ्यावर थांबला नाही. त्याचं म्हणणं असं की जे गेलं ती ‘हवा’ नव्हे. हवा ही वेगळी चीज, पाण्याची वाफ वेगळी, आणि हे जे कोळशातून निघालं ते तिसरंच काहीतरी. त्याला आजवर नाव नव्हतं, म्हणून त्याने नवं नाव दिलं: गॅस. हा शब्द प्राचीन लोकांच्या ‘केऑस’पासून फार दूरचा नाही, असंही त्याने लिहून ठेवलंय. केऑस म्हणजे सृष्टी घडण्यापूर्वीचा निराकार गोंधळ. डच भाषेत ‘ग’चा उच्चार घशातून, जवळजवळ ‘ख’सारखा करतात. त्यामुळे ग्रीक ‘खाओस’चं डच जिभेवर ‘गॅस’ होणं अगदी स्वाभाविक होतं. (पुढे काही लोकांनी याचा संबंध भूत किंवा आत्मा या अर्थाच्या डच शब्दाशी लावला. पण खुद्द बापाने मुलाच्या नावाचा अर्थ सांगितला असताना शेजाऱ्यांनी दुसरा का सांगावा?)

कोळशातून निघणाऱ्या या गॅसला तो ‘रानटी’ म्हणायचा, कारण तो भांड्यात कोंडून राहत नाही. कोंडायला गेलं तर भांडं फुटतं. आज आपण गॅस लाल टाकीत बंद करून दारोदार पोचवतो हे त्याने पाहिलं असतं तर काय म्हणाला असता कोण जाणे! पण खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्याच्या लक्षात आलं की हाच रानटी गॅस द्राक्षाचा रस आंबताना निघतो, शिंपल्यावर आम्ल ओतलं की निघतो, आणि इटलीत नेपल्सजवळ एक गुहा आहे, जिथे आत गेलेला कुत्रा कोलमडतो पण उभा माणूस शाबूत राहतो, तिथेही हाच असतो. आज आपण याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. आणि सगळेच गॅस एक नव्हेत, काही जळणारे, काही न जळणारे, असाही भेद त्याने केला. म्हणजे हा शब्द जन्माला आला तोच मुळी ‘सगळी हवा सारखी नसते’ हे सांगण्यासाठी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हेल्मॉन्टचा दुसरा प्रयोग शाळेत आपण कधीतरी ऐकलेला असतो. कुंडीत २०० पौंड कोरडी माती घेऊन त्याने ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड भरलं १६९ पौंड आणि वर काही औंस, माती कमी झाली अवघी २ औंस. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनलं. तराजू बरोबर होता, उत्तर चुकलं. त्या लाकडातला कार्बन आला होता हवेतून, म्हणजे त्यानेच ज्याचं बारसं केलं त्या रानटी गॅसमधून! ज्याला आयुष्यभर हुडकलं तो अंगणातल्या कुंडीपाशी उभा होता आणि याने ओळखलं नाही. मला विज्ञानाच्या इतिहासात याहून चुटपुट लावणारी गोष्ट आठवत नाही.

त्याचं आयुष्यही सुखाचं गेलं नाही. त्याच्या लिखाणावर धर्मसत्तेची वक्रदृष्टी पडली, १६३४ साली अटक झाली आणि पुढची काही वर्षं नजरकैदेत गेली. तो वारला १६४४ मध्ये. ‘गॅस’ शब्द असलेला त्याचा मोठा ग्रंथ मुलाने १६४८ साली छापला. त्याच ग्रंथात त्याने आणखी एक शब्द घडवला होता, ‘ब्लास’. ग्रहताऱ्यांची चालना वगैरे असं काहीसं त्याचं प्रकरण होतं. ब्लास मेला, गॅस जगला. शब्दांचंही नशीब असतं म्हणायचं.

जगला म्हणजे लगेच नव्हे. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं विद्वानांनी या शब्दाकडे फारसं पाहिलं नाही. ‘हवा’ हाच शब्द त्यांना पुरेसा वाटत होता. जोसेफ प्रिस्टली तर ‘निरनिराळ्या प्रकारच्या हवा’ या नावाखाली खंडच्या खंड लिहीत होता. हा लीड्समध्ये दारूच्या भट्टीशेजारी राहायचा. पिंपांवर तरंगणारी ‘बद्ध हवा’ पाण्यात मिसळून त्याने सोडावॉटर बनवलं आणि १७७२ मध्ये त्याची कृतीही छापली. म्हणजे आपल्या गोटी सोड्यातून जो फस्सकन बाहेर येतो, तो हेल्मॉन्टचाच रानटी गॅस. फ्रान्समध्ये माकेरने आपल्या रसायनकोशात हा शब्द पुन्हा वर काढला, लाव्हाझिएने उचलला, आणि १७८९ च्या त्याच्या पाठ्यपुस्तकानंतर ‘गॅस’ पक्का झाला. पाच वर्षांनी लाव्हाझिएचं डोकं गिलोटिनखाली गेलं, पण शब्द राहिला.

इथवर गॅस हा प्रयोगशाळेतला शब्द होता. तो रस्त्यावर आणला दिव्यांनी. विल्यम मर्डॉकने १७९२ च्या सुमारास दगडी कोळसा भट्टीत तापवून निघालेल्या वायूवर घर उजळलं, १८०७ मध्ये लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले, आणि १८१२ मध्ये तिथे गॅस पुरवणारी कंपनीच निघाली. झालं! शास्त्रज्ञांचे अनेक ‘गॅस’ लोकांच्या तोंडी एकच ‘गॅस’ होऊन बसले: नळातून येतो तो, ज्याचं बिल भरावं लागतं तो.

मुंबईही फार मागे नव्हती. माझगावात अर्देशीर खरशेटजी वाडिया या जहाजबांधणीतल्या तरुणाने १८३४ मध्ये आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून दाखवली. ते बघायला खुद्द गव्हर्नर आले होते. (हेच अर्देशीर १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांत यांना दोन ओळीही का मिळत नाहीत, हा स्वतंत्र विषय आहे.) मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागायला मात्र १८६५ साल उजाडलं. लालबागच्या गॅस कंपनी लेनचं नाव त्याच जमान्याची खूण आहे. आज तिथून जाणाऱ्या किती जणांना वाटत असेल की इथे कुठेतरी सिलिंडरचं ऑफिस असणार!

याच नळाच्या गॅसने इंग्रजीला अलीकडे एक नवा शब्द दिलाय. पॅट्रिक हॅमिल्टनचं १९३८ चं एक नाटक आहे, नाव ‘गॅस लाइट’. त्यातला नवरा चोरून वरच्या बंद मजल्यावर जातो आणि तिथला दिवा लावतो. गॅसची नळी एकच असल्यामुळे खालच्या खोलीतला दिवा मंद होतो. बायको म्हणते, दिवा मंद झाला. नवरा म्हणतो, तुला भास होतोय, तुझं डोकं ठिकाणावर नाही. यावरच्या १९४४ च्या चित्रपटासाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. समोरच्याला त्याच्याच डोळ्यांवर अविश्वास वाटायला लावणं, याला आज ‘गॅसलाइटिंग’ म्हणतात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने हा त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडला. आता आपल्याकडची कॉलेजातली मुलंही “मला गॅसलाइट करू नकोस” म्हणतात. त्यातल्या कुणी गॅसचा दिवा पाहिलेला नसतो. पण नळीतला दाब वाटला गेला की ज्योत लहान होते, एवढं साधं भौतिकशास्त्र त्या शब्दाच्या पोटात आहे.

आपल्या गावाकडची ‘गॅसबत्ती’ मात्र याहून वेगळी. लग्नाच्या वरातीत डोक्यावर बत्त्या घेऊन चालणारी माणसं, तमाशाच्या फडात सूं-सूं करत टांगलेली बत्ती, तिच्याभोवती पाखरांचा घोळका... माझ्या पिढीला हे आठवत असेल. त्या बत्तीत भरायचं काय, तर रॉकेल! पंप मारून दाब दिला की रॉकेल तापलेल्या नळीत जाऊन वाफ होतं आणि ती वाफ मेंटलवर जळते. म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी त्याचा गॅस होतो खरा, पण टाकीत द्रवच. जर्मनीत १९१० च्या सुमारास निघालेला हा पेट्रोमॅक्सचा दिवा आपण ‘गॅसबत्ती’ करून टाकला. आणि तो मेंटल! जाळीच्या पिशवीवर थोरियमचा लेप असतो, तो तापून पांढराशुभ्र प्रकाश देतो. या थोरियमसाठी जर्मन कारखान्यांना ज्या वाळूची गरज होती ती १९०९ मध्ये आपल्याच त्रावणकोरच्या किनाऱ्यावर सापडली. काथ्याच्या निर्यातीबरोबर चिकटून गेलेल्या वाळूवरून एका जर्मन रसायनतज्ज्ञाला तिचा माग लागला. वरातीतला उजेड असा सात समुद्र फिरून आलेला होता.

आणि गॅसबत्तीला हसायचं कारण नाही, कारण स्वयंपाकघरातल्या लाल टाकीतही गॅस नसतो. म्हणजे असतो, पण वरच्या थोड्याशा जागेत. बाकी सगळा द्रव. प्रोपेन आणि ब्यूटेन दाबाखाली ठेवले की द्रव होतात आणि दाब सुटला की पुन्हा वायू, सुमारे अडीचशे पट पसरून. टाकी संपत आली की ती आडवी करून शेवटचा चहा उकळून घेणाऱ्या काटकसरी मंडळींनी हे वाक्य पुन्हा वाचावं. आडवी केलेल्या टाकीतून नळीत वायूऐवजी द्रव शिरू शकतो.

तीच कथा वासाची. “गॅसचा वास येतोय” हे वाक्य ऐकून आपण सगळे ताडकन उठतो आणि उठायलाच हवं. पण तो वास गॅसचा नसतो. प्रोपेन-ब्यूटेनला जवळजवळ वासच नाही. तो कुजक्या कोबीसारखा दर्प मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा. याच्यामागे एक भयंकर हकिकत आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी १८ मार्च १९३७ ला दुपारी एक शाळा उडाली. शाळेने खर्च वाचवण्यासाठी तेलविहिरीतून वाया जाणाऱ्या नैसर्गिक वायूची जोडणी घेतली होती. गळती होऊन जमिनीखालच्या पोकळीत वायू साठत गेला. वास नाही, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. कार्यशाळेत एका यंत्राचं बटण दाबलं गेलं, ठिणगी पडली. सुमारे २९५ मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर काही आठवड्यांत टेक्सासने वायूत वास मिसळण्याचा कायदा केला आणि मग तो रिवाज जगभर गेला. आपल्या स्वयंपाकघरातली ती नकोशी दुर्गंधी त्या मुलांमुळे आलेली आहे.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर त्यांचा एक घोळ सांगून टाकतो. तिथे स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांचा फोन येतो, “थांब जरा, गाडीत गॅस भरते.” आणि इथे आजीला वाटतं, गाडी गॅसवर चालते. त्यांचा गॅस म्हणजे पेट्रोल. ‘गॅसोलीन’चा तो लघुरूप. या गॅसोलीनच्या उगमाबद्दलही एक चटकदार मत आहे. लंडनच्या जॉन कॅसेल या चहा-कॉफी विकणाऱ्या प्रकाशकाने १८६२ मध्ये दिव्याचं तेल ‘कॅझेलीन’ नावाने बाजारात आणलं. डब्लिनच्या एका दुकानदाराने त्याची नक्कल विकायला घेतली आणि पकडला जाऊ नये म्हणून इंग्रजी ‘सी’ला एक रेघ देऊन ‘जी’ केला. खरं असो वा नसो, पण इतकं नक्की की आज जगातला एक मोठा देश ज्याला गॅस म्हणतो तो द्रव आहे.

अश्रुधुराचं तर याहून पुढचं. इंग्रजीत त्याला गॅस म्हणतात, पण हल्ली पोलीस वापरतात तो बहुधा नेहमीच्या तापमानाला चक्क घन पदार्थ असतो, बारीक भुकटी उडवलेली. आपण त्याला ‘धूर’ म्हणतो ते शास्त्राच्या जास्त जवळ आहे. मराठी भाषांतरकाराला कधीतरी शाबासकी द्यायला काय हरकत आहे?

असो. आता पोटाकडे वळू, कारण मराठी माणसाचा सर्वात जिव्हाळ्याचा गॅस तोच.

आपल्याकडे पोटातल्या या प्रकरणाला जुना शब्द होता, वात. वायू. ‘पोटात वायू धरलाय.’ आयुर्वेदात हा वायू फक्त पोटात नसतो. तो शरीरभर फिरतो, त्याचे प्राण, अपान, समान, उदान, व्यान असे पाच प्रकार, आणि बिघडला की सांधा धरतो, डोकं धरतो, पाठ धरतो. (आणि शास्त्राच्या पुस्तकांनी ऑक्सिजनला नाव द्यायचं ठरवलं तेव्हा याच यादीतला ‘प्राणवायू’ उचलला.) मग इंग्रजी औषधं आली, जाहिराती आल्या आणि वायूच्या जागी गॅस आला. शब्द बदलला, पण त्याखालची कल्पना बदलली नाही, असं माझं निरीक्षण आहे. म्हणून तर आपण बिनदिक्कत म्हणतो, “गॅस डोक्यात चढलाय”, “पाठीत गॅस धरलाय”, “छातीत गॅस आलाय”. शरीररचनेच्या दृष्टीने आतड्यातल्या वायूला डोक्यात जायला वाट नाही. आतडं ही बंद नळी, तिला दोनच दारं. डोक्यात चढतो तो हेल्मॉन्टचा गॅस नव्हे, चरकाचा वात. नाव फक्त इंग्रजी.

हे नुसतं भाषेचं कुतूहल असतं तर मी इतकं लांबण लावलं नसतं. पण ‘छातीत गॅस’ या दोन शब्दांनी माणसं गेलेली मी पाहिली आहेत. आमच्या इमारतीतले एक काका, वय पंचावन्न-छप्पन, तब्येतीने ठणठणीत. रात्री जेवणानंतर छातीत भरून आलं, घाम फुटला, मळमळायला लागलं. घरात सगळ्यांचं एकमत: गॅस झालाय. ओवा दिला, लिंबू-सोडा दिला, पाठीवरून हात फिरवला. एक ढेकर आली, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. पहाटे काकूंनी आमचं दार वाजवलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर सांगतात की हृदयाच्या खालच्या भागाचा झटका असेल तर दुखणं खरोखरच पोटाच्या वरच्या भागात जाणवतं, मळमळही होते. म्हणजे फसायला जागा आहेच. त्यात आपल्याकडे तयार, घरगुती, न घाबरवणारं एक नाव आहे. ‘हार्ट अटॅक’ म्हटलं की रिक्षा बोलवावी लागते, ‘गॅस’ म्हटलं की ओवा पुरतो. ज्या शब्दाने भीती वाटत नाही तोच आपण आधी उचलतो.

युद्धाने या शब्दाला भीती दिली. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्र शहराजवळ जर्मनांनी ५ हजारांहून जास्त सिलिंडर उघडून क्लोरीन सोडला. हिरवट पिवळा ढग वाऱ्याबरोबर फ्रेंचांच्या खंदकांकडे सरकला. यामागचा माणूस फ्रित्झ हाबर, ज्याच्या अमोनियाच्या प्रक्रियेवर आज आपली रासायनिक खतं उभी आहेत. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, हिंदुस्थानी लष्कराची लाहोर डिव्हिजन त्याच भागात प्रतिहल्ल्याला पाठवली गेली. मुखवटे नव्हतेच. ओल्या फडक्यांवर भागवायचं. त्या दिवशीच्या शौर्यासाठी जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण फुप्फुसांना झालेली इजा त्यांचा पिच्छा सोडेना. ते शहर हेल्मॉन्टच्या ब्रसेल्सपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे.

आणि मग भोपाळ.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं. टाकीत होतं सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट. तेही द्रवच, पण ३९ अंशांनाच उकळणारा. पाण्याशी संयोग होऊन टाकी तापली, दाब वाढला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, बाहेर पडणारा वायू जाळून टाकणारा मनोराही जोडलेला नव्हता. जे बाहेर पडलं ते हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत पसरलं. नेपल्सजवळच्या गुहेत कुत्रा पडतो आणि माणूस वाचतो, तसं इथे बुटक्यांचं, मुलांचं जास्त झालं. सरकारी हिशेबात पुढे ३,७८७ मृत्यूंचा आकडा आला, बाधितांच्या संघटना त्याच्या कितीतरी पट सांगतात.

त्या रात्री हमीदिया रुग्णालयात लोंढे येऊ लागले. डोळे आणि छाती जळणाऱ्या त्या माणसांना एवढंच माहीत होतं की गॅस निघालाय. डॉक्टरांना हवं होतं पुढचं: कुठला गॅस? आणि त्याचं उत्तर कारखान्याकडून धड मिळालं नाही. अश्रुधुरासारखा त्रासदायक आहे, डोळ्यांवर ओलं कापड ठेवा, अशा धर्तीचं काहीतरी सांगितलं गेलं. पुढे शवविच्छेदनांनंतर वाद पेटला की शरीरात सायनाइडचा अंश आहे की नाही, आणि असेल तर सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं द्यायची की नाही. तो वाद डॉक्टर, सरकार, कंपनी यांच्यात वर्षानुवर्षं चालला. ‘गॅस’ हे पदार्थाचं नाव नव्हे, पदार्थाच्या अवस्थेचं नाव आहे. स्थायू, द्रव, वायू, हे आपण शाळेत घोकलेलं. “गॅसने मेले” म्हणणं म्हणजे “द्रवाने मेले” म्हणण्यासारखं आहे. पाण्याने, दारूने, की आम्लाने, ते कळल्याशिवाय उपचार कसा करणार?

२१ एप्रिल २०२१ ला नाशिकमध्ये झाकीर हुसेन रुग्णालयाच्या आवारात टाकी गळली तेव्हा पांढऱ्या ढगाने सारा परिसर भरला. बघणाऱ्याला वाटावं की हा विषारी गॅस. तो होता प्राणवायू, आणि दिसणारा ढग तर तोही नव्हे, थंडीने गोठलेली हवेतली वाफ. आतमध्ये नळ्यांतला दाब पडला आणि किमान २२ रुग्ण गेले. इथे गॅस असल्यामुळे नव्हे, नसल्यामुळे.

भोपाळमध्ये मात्र आजही ‘गैस’ या शब्दाला पुढे-मागे काही जोडावं लागत नाही. तिथले वयस्क लोक “हमें गैस लगी थी” म्हणतात आणि साल विचारायची गरज पडत नाही. ‘गैस पीड़ित’, ‘गैस राहत’ या नावांची सरकारी खाती आणि रुग्णालयं आहेत. कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षं तिथेच पडून होता. जानेवारी २०२५ मध्ये तो ट्रकांतून पीथमपूरला नेला आणि जूनअखेरपर्यंत जाळून संपवला. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागला, त्यामुळे मागे राहिलेल्या राखेचं वजन मूळ कचऱ्यापेक्षा कितीतरी जास्त भरलं. ती राख पुरायची कुठे, हे प्रकरण मग उच्च न्यायालयात गेलं.